स्कीमा कोठे ठेवावा, आणि तो लागू केव्हा करावा?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचकाच्या पत्राचा हा सारांश. ते आणि त्यांचे एक जुने मित्र मिळून सॉफ्टवेअरचा छोटा व्यवसाय चालवतात. दापोलीपासून देवगडपर्यंतच्या काही मच्छीमार सोसायट्या आणि आंबा खरेदी केंद्रे त्यांचा प्रोग्रॅम वापरतात. प्रत्येक ठिकाणच्या कॉम्प्युटरवर एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलमध्ये मावणाऱ्या छोट्या डेटाबेस-प्रणालीचा, स्वतंत्र डेटाबेस आहे. परंतु त्यात कोणती टेबले आणि कोणते कॉलम असावेत याची व्याख्या, म्हणजेच स्कीमा, एका जेसन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये असून ती फाइल क्लाउडवरील बकेटमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीच्या जागेत, ठेवली आहे. नोंदी भरण्याचा फॉर्मही त्याच फाइलवरून तयार होतो. प्रोग्रॅम उघडला की तो ती फाइल उतरवून घेतो, डेटाबेसशी ताडून पाहतो आणि फरक आढळल्यास डेटाबेस बदलतो. गेल्या पावसाळ्यात नेटवर्क गेले तेव्हा अनेक ठिकाणी प्रोग्रॅम उघडलाच नाही. एका सोसायटीत तर त्याच वायफायवर मोबाइल व्यवस्थित चालत असताना प्रोग्रॅम मात्र पांढऱ्या पडद्यावर थांबून राहिला. त्याआधी एप्रिलमध्ये मित्राने बकेटमधील फाइलमध्ये ‘वजन’ या कॉलमचे नाव ‘निव्वळ वजन’ असे केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही केंद्रांवर जुन्या नोंदींतील वजने रिकामी दिसू लागली. वाचकाचे म्हणणे असे की स्कीमा प्रोग्रॅमच्या आतच ठेवावा. मित्राचे म्हणणे असे की मग प्रत्येक बारीक बदलासाठी प्रोग्रॅमचे नवे रिलीज (नवी आवृत्ती) काढून केंद्रोकेंद्री जावे लागेल, आणि ऐन हंगामात ते शक्य नाही. दोघांत आता बोलणे कमी झाले आहे. बरोबर कोण, असे वाचकाने विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आणि तुमचे मित्र फाइल कोठे असावी यावर अडून बसला आहात, परंतु पत्र वाचून माझे मत असे झाले की दोन वेगळे बिघाड एकाच कारणाच्या नावावर जमा झाले आहेत. पावसाळ्यात प्रोग्रॅम उघडला नाही, कारण उघडण्याची अट म्हणून तुम्ही नेटवर्क घातले होते. एप्रिलमध्ये वजने गेली, कारण प्रोग्रॅमला केवळ शेवटची स्थिती सांगितली गेली आणि तेथवर कसे जायचे हे त्याने स्वतःच ठरवले. तीच फाइल प्रोग्रॅमच्या आत असती, तरी नवे रिलीज बसवताच वजने तशीच गेली असती. म्हणजे तुमचा उपाय पहिला बिघाड मिटवतो, दुसरा मिटवत नाही. आणि तुमचे मित्र ज्या सोयीसाठी आग्रह धरतात, ती सोय दूरवरच्या फाइलमुळेच मिळते हेही तितकेसे खरे नाही.

वजनांचे आधी पाहू, कारण तेथे लोकांच्या पैशांचा प्रश्न आहे. ज्या केंद्रांवर वजने रिकामी झाली, तेथील डेटाबेसची फाइल आहे त्या अवस्थेत दुसरीकडे उतरवून ठेवा आणि तिच्यावर काहीही प्रयोग करू नका. बदल करताना तुमच्या प्रोग्रॅमने नवे टेबल तयार करून जुने टाकून दिले असेल, तर जुनी पाने फाइलमध्ये मोकळी म्हणून पडून असण्याची आणि त्यांतील मजकूर जाणकाराला परत वाचता येण्याची थोडी शक्यता असते. परंतु मोकळी जागा काढून टाकणारी व्हॅक्यूम ही आज्ञा चालवली किंवा नव्या नोंदी भरत गेल्या की ती शक्यता संपत जाते. ते न साधल्यास पावती पुस्तके काढून नोंदी पुन्हा भराव्या लागतील, आणि हे काम केंद्रावरच्या माणसावर न टाकता तुम्ही दोघांनी करावे असे मला वाटते.

आता हे का घडले? व्याख्येची फाइल सांगते की टेबल शेवटी असे दिसावे. दोन व्याख्या ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ‘वजन’ नाहीसे झालेले दिसते आणि ‘निव्वळ वजन’ नव्याने आलेले दिसते. हे एकाच गोष्टीचे दुसरे नाव आहे ही माहिती दोन्ही फाइलींत कोठेच नसते, ती फक्त तुमच्या मित्रांच्या डोक्यात होती. एसक्यूलाइटमध्ये २०१८ पासून, म्हणजे ३.२५ या आवृत्तीपासून, कॉलमचे नाव थेट बदलण्याची आज्ञा उपलब्ध आहे. पण ती द्यायची हे कोणीतरी लिहून सांगावे लागते. म्हणून शेवटची स्थिती सांगणारी व्याख्या आणि एका स्थितीतून दुसरीत नेणारी पायरी या दोन स्वतंत्र गोष्टी मानाव्यात. फ्लायवे किंवा लिक्विबेससारखी साधने नेमके हेच करतात: क्रमांक दिलेल्या पायऱ्या ओळीने चालवतात आणि कोणती पायरी झाली याची नोंद डेटाबेसमध्येच ठेवतात. एवढी मोठी साधने तुम्हाला लागणार नाहीत. एसक्यूलाइटच्या फाइलच्या शीर्षभागात ‘युजर व्हर्जन’ नावाचा एक अंक ठेवण्याची सोय आहे. तेथे स्कीमाचा क्रमांक लिहिला की काम भागते. शिवाय एसक्यूलाइटमध्ये टेबलांची रचना बदलणाऱ्या आज्ञाही व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शनच्या) आत, म्हणजे एकतर सगळे होईल नाहीतर काहीच नाही अशा पद्धतीने, चालतात, त्यामुळे सर्व पायऱ्या आणि तो अंक एकाच व्यवहारात बदलता येतात आणि मध्येच वीज गेली तर डेटाबेस जुन्या क्रमांकावर अखंड राहतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्येही हे बहुतांशी शक्य आहे. मायएसक्यूएलमध्ये मात्र अशी प्रत्येक आज्ञा आधीचा व्यवहार आपोआप पक्का करून टाकते, तेव्हा तो डेटाबेस वापरणाऱ्या वाचकांनी या आधारावर विसंबू नये.

नाव बदलण्याबद्दल माझे मत याहूनही कडक आहे. चालू वापरातील कॉलमचे नाव एका दिवसात बदलूच नये. आधी नवा कॉलम जोडावा, काही काळ दोन्हींत लिहावे, मग वाचन नव्या कॉलमवरून सुरू करावे, आणि शेवटचे केंद्रही नव्या प्रोग्रॅमवर आले याची खात्री झाल्यावरच जुना कॉलम काढावा. हे कंटाळवाणे आहे. परंतु तुमच्याकडे सर्व केंद्रे एकाच दिवशी एकाच आवृत्तीवर कधीच नसतात, आणि त्या दिवसांत जुना व नवा प्रोग्रॅम दोघांनाही चालेल असा स्कीमा असणे हाच एक सुरक्षित मार्ग आहे.

पावसाळ्यातील बिघाडाकडे वळतो. ज्या सोसायटीत मोबाइल चालत होता आणि प्रोग्रॅम चालत नव्हता, तेथे इंटरनेटला दोष देण्यापूर्वी कॉम्प्युटरची तारीख पाहावी. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरची लहान बॅटरी संपलेली असली, की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या क्लाउड साठवण सेवेकडे सही केलेली मागणी पाठवली आणि तिच्यावरील वेळ व सर्व्हरची वेळ यांत १५ मिनिटांहून जास्त अंतर पडले, तर ती मागणी नाकारली जाते. तारीख फार मागे असेल तर त्याआधीच सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ म्हणून अमान्य होते. तुमचा प्रोग्रॅम हा नकार न दाखवता पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला असेल, तर पडदा पांढराच राहणार. दुसरी शक्यता टाइमआउटची, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची या मर्यादेची. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील रिक्वेस्ट्स ही लोकप्रिय लायब्ररी मर्यादा सांगितली नाही तर उत्तराची कितीही वेळ वाट पाहते, आणि अर्धवट चालणारे नेटवर्क हे पूर्ण बंद नेटवर्कपेक्षा अधिक त्रासाचे ठरते, कारण पूर्ण बंद असेल तर चूक निदान लगेच कळते.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की ‘नेट सुधारले की प्रश्न सुटेल’ हे गृहीत तुमच्या पत्रात दोन-तीन ठिकाणी डोकावते. ते सोडून द्यावे. कोकणात तर सोडावेच लागते: ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला धडकले, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही लागत नव्हते, २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पण केबल शाबूत असलेल्यांनाही हा धोका चुकत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनियामधील एस-थ्री सेवा एका चुकीने दिलेल्या आज्ञेमुळे सुमारे चार तास कोलमडली होती, आणि सेवेची स्थिती दाखवणारे ॲमेझॉनचे स्वतःचे पानही तिच्यावरच अवलंबून असल्याने काही काळ खरी स्थिती दाखवू शकत नव्हते. दूरची गोष्ट कधीतरी मिळणार नाही, हे रचनेतच धरून चालावे लागते.

दूरवरून व्याख्या आणण्याची ही अडचण जुनी आहे आणि मोठमोठ्या संस्थांनी ती भोगली आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००८ मध्ये जाहीर केले होते की तिच्या सर्व्हरवरील डीटीडी फाइलींसाठी, म्हणजे एचटीएमएल-एक्सएमएल दस्तऐवजांच्या व्याख्यांसाठी, दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात, आणि त्या फाइली तर वर्षानुवर्षे बदललेल्याच नाहीत. असंख्य प्रोग्रॅम प्रत्येक दस्तऐवज वाचताना तीच फाइल पुन्हा मागवत होते. मोठा डेटा हाताळणाऱ्या हाइव्ह या प्रणालीत ॲव्ह्रो या डेटा-स्वरूपाच्या स्कीमाचा वेबपत्ता देता येतो, पण तिच्या दस्तऐवजातच इशारा आहे की कामाचा प्रत्येक तुकडा (टास्क) तो पत्ता स्वतंत्रपणे उघडत असल्याने मोठ्या कामात हा त्या सर्व्हरवरचा हल्लाच ठरू शकतो. दोन्ही ठिकाणी चूक एकच: व्याख्येचे नाव म्हणून दिलेला पत्ता प्रत्येक वेळी उघडण्याचे ठिकाण मानला गेला.

याउलट दूरवरून स्कीमा आणण्याची चांगली पद्धतही आहे, आणि तुमच्या मित्रांच्या बाजूने सांगण्यासारखे त्यात बरेच आहे. प्रोग्रॅमांमध्ये संदेश पोचवणाऱ्या काफ्का या प्रणालीबरोबर कॉन्फ्लुएंट कंपनीची स्कीमा रजिस्ट्री, म्हणजे स्कीमांची नोंदवही, वापरली जाते; तिच्या पद्धतीत प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला पाच बाइट असतात: पहिला ठरावीक, पुढचे चार स्कीमाच्या क्रमांकाचे. वाचणारा प्रोग्रॅम तो क्रमांक पाहतो, स्वतःजवळ त्याची व्याख्या नसेल तरच रजिस्ट्रीला विचारतो, आणि मिळालेली व्याख्या जवळ ठेवून देतो. हे बिनधोक आहे, कारण एका क्रमांकाचा अर्थ नंतर बदलत नाही. नवा स्कीमा नोंदवतानाच रजिस्ट्री तो आधीच्याशी जुळतो का हे तपासते आणि न जुळल्यास नाकारते. तुमच्या बकेटमध्ये नेमका हाच गुण नाही. तेथे एकच फाइल आहे, तिचे नाव तेच राहते, आणि आतला मजकूर रात्रीत बदलतो.

तेव्हा तुमच्यासाठी मी सुचवीन ती रचना अशी. प्रत्येक रिलीजमध्ये, ज्या स्कीमावर ते तपासले गेले तो स्कीमा आत असावा. म्हणजे नवा कॉम्प्युटर नेटवर्कशिवायही पहिल्या दिवशी चालू होईल. बकेटमध्ये प्रत्येक बदलासाठी नवी फाइल जावी, तिच्या नावात क्रमांक असावा, आणि एकदा ठेवलेली फाइल कोणीही बदलू नये. तिच्याजवळ एक छोटी निर्देशक फाइल असावी, जिच्यात चालू क्रमांक, त्या फाइलचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) आणि त्यासाठी लागणारी प्रोग्रॅमची किमान आवृत्ती एवढेच असेल; आधी स्कीमाची फाइल चढवावी, मग निर्देशक बदलावा. केंद्रावरचा प्रोग्रॅम उघडताच जवळच्या, आधी पडताळलेल्या प्रतीवर काम सुरू करेल, आणि मागाहून, काही सेकंदांची मर्यादा ठेवून, निर्देशक पाहील. नवे काही असल्यास ते तात्पुरत्या नावाने उतरवून हॅश जुळवेल, आणि जुळल्यावरच त्याच फोल्डरमध्ये खऱ्या नावाने ठेवेल, म्हणजे वीज गेल्याने अर्धी राहिलेली फाइल कधीच वाचली जाणार नाही. उतरवलेला स्कीमा त्याच क्षणी लागू मात्र करू नये. लिलाव चालू असताना टेबल बदलणे कोणालाच नको असते. दिवसाचा हिशेब बंद झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी पहिली नोंद होण्यापूर्वी, डेटाबेसची प्रत काढून, मग तो लागू व्हावा. मोहिमेवर निघणारी बोट बर्फ आणि डिझेल बंदरातच भरून घेते, तशी ही वेळ ठरलेली असावी.

तुमच्या मित्रांना हवी असलेली सोय या रचनेत कोठे बसते? दूरवरून आलेल्या स्कीमाला केवळ भर घालण्याची परवानगी द्यावी: नवे टेबल, रिकामा चालणारा किंवा ठरावीक आरंभीची किंमत असलेला नवा कॉलम, नवा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची). फॉर्म त्याच फाइलवरून तयार होत असल्याने हे बदल रिलीजशिवाय पडद्यावर दिसतील. काढणे, नाव बदलणे, प्रकार बदलणे यांपैकी काहीही फाइलमध्ये आढळले तर प्रोग्रॅमने ती नाकारून जुन्या प्रतीवर चालू राहावे, आणि असे बदल फक्त रिलीजमधील लिहिलेल्या पायऱ्यांतूनच व्हावेत. डेटाबेसचा क्रमांक प्रोग्रॅमला माहीत असलेल्या क्रमांकापेक्षा पुढचा निघाला, उदाहरणार्थ कोणी दुसऱ्या केंद्राचा बॅकअप आणून ठेवला, तर काहीतरी जुळवण्याऐवजी स्पष्ट मराठीत तसा संदेश दाखवून थांबावे.

पण मित्रांना मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. गेल्या वर्षभरात बकेटमधील फाइल ज्या ज्या कारणांनी बदलली, त्यांची यादी समोर घेऊन बसा. माझा अंदाज असा की त्यांतले बरेच बदल रचनेचे नसतील. पापलेट, सुरमई आणि बांगडा यांना प्रत्येकी वेगळा कॉलम दिला असेल, तर दर हंगामात कोणीतरी हलवा किंवा माकूल मागणार आणि दर वेळी स्कीमा बदलणार. मासळीच्या प्रकारांचे एक टेबल केले की नवा प्रकार ही एक नोंद होते. आंब्याच्या प्रतवारीचे, पेटीतील डझनांचे, दलालांच्या यादीचे तसेच. अशा याद्या खुशाल दूरवरून आणाव्यात, रोज आणाव्यात. त्या चुकल्या तर एक नोंद चुकते, सगळा डेटाबेस अडत नाही. आणि हे केल्यावर जे खरे रचनेचे बदल उरतील, ते बहुधा इतके थोडे असतील की त्यांच्यासाठी रिलीज काढणे जड जाणार नाही. केंद्रोकेंद्री जावे लागते ही त्यांची तक्रार खरी आहे, मे महिन्यात तर फारच खरी. परंतु ती उणीव रिलीज पोचवण्याच्या व्यवस्थेची आहे. प्रोग्रॅम स्वतःचे रिलीज मागाहून उतरवून ठेवील आणि रात्री बसवील अशी सोय करण्यात जो वेळ जाईल, तो सार्थकी लागेल. नेटवर्क नसलेल्या गावांसाठी तीच फाइल, त्याच हॅशसह, पेनड्राइव्हवरून घेण्याचा मार्ग ठेवावा. फाइल कोणत्या वाटेने आली याला महत्त्व नाही, हॅश जुळणे महत्त्वाचे.

बकेटच्या चाव्यांविषयी, म्हणजे प्रवेशाच्या गुप्त संकेतांविषयी, तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून विचारतो: ज्या चावीने केंद्रे फाइल वाचतात, त्याच चावीने लिहिताही येते का? तसे असेल तर आजच बदला. स्कीमा वाचला जाण्यात फारसे गुपित नाही. पण तो जो लिहू शकतो, तो किनाऱ्यावरच्या तुमच्या प्रत्येक कॉम्प्युटरचा डेटाबेस बदलू शकतो. लिहिण्याचा अधिकार एका वेगळ्या खात्याकडे असावा, बकेटवर आवृत्त्या जपण्याची सोय चालू करावी, आणि फाइलमध्ये थेट चालवायच्या एसक्यूएल (डेटाबेसच्या भाषेतील) आज्ञा कधीही ठेवू नयेत. निर्देशक फाइलवर डिजिटल सही करून ती सही पडताळणारी सार्वजनिक चावी प्रोग्रॅममध्ये ठेवलीत तर उत्तम, कारण हॅश फाइल अखंड आहे एवढेच सांगतो, ती कोणी लिहिली हे सांगत नाही.

रचनेचे मोठे बदल वर्षात केव्हा करावेत, हे तुमच्या भागात निसर्गाने आणि शासनाने बरेचसे ठरवून दिले आहे. यांत्रिक मासेमारी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै बंद असते. सोसायट्यांचे रिलीज त्या काळात बसवावे, नेटवर्क सर्वांत बेभरवशाचे असते म्हणून पेनड्राइव्ह हाती ठेवून. आंबा केंद्रांसाठी ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतचा काळ मोकळा आहे. एप्रिल-मे मध्ये आंबा केंद्रांच्या स्कीमाला हात लावायचा नाही, भर घालणारा बदलसुद्धा दोघांनी पाहिल्याशिवाय चढवायचा नाही, एवढा नियम लिहून ठेवावा.

राहिला तुमच्या दोघांचा प्रश्न. एप्रिलचे नाव बदलणे मित्रांच्या हातून झाले म्हणून ते तुमच्यासमोर अडखळत असतील. पण जे त्यांनी केले ते तुमच्या प्रोग्रॅमने विनातक्रार स्वीकारले, आणि तो प्रोग्रॅम तुम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. हे तुम्हीच आधी बोलून दाखवावे असे मला वाटते. मग एक रविवार काढून एक जुना कॉम्प्युटर समोर ठेवा. त्याची तारीख २०१० करा आणि प्रोग्रॅम उघडा. केबल काढा आणि उघडा. फाइल उतरत असताना वीज बंद करा आणि उघडा. बकेटमध्ये मुद्दाम एक कॉलम काढलेली फाइल ठेवा, अर्थात चाचणीसाठीच्या वेगळ्या बकेटमध्ये, आणि उघडा. दर वेळी काय झाले ते मित्रांना लिहायला सांगा, आणि ज्या ज्या वेळी प्रोग्रॅम उघडणार नाही किंवा नोंद हरवेल, ते काम त्याच आठवड्याच्या यादीत सर्वांत वर घ्या.